सळई जबड्यातच तुटते: यूटीएमवरचं नेहमीचं दुखणं

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये मी चौदा वर्षं टेन्साइलचं मशीन, म्हणजे सळई दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ताणणारं यूटीएम, सांभाळते आहे. एक तक्रार दर पावसाळ्यात ठरल्यासारखी येते. साइटवरून बारा मिमीच्या टीएमटी सळया येतात. यूटीएमवर लावल्या की लोड चढतो, यील्ड येतं (म्हणजे सळई कायमची ताणली जायला लागते), सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग मधोमध मान बारीक होऊन तुटायच्या ऐवजी सळई वरच्या जबड्याच्या तोंडाशीच तुटते. ताकद बसते, इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत लांबीत झालेली वाढ, बसत नाही, आणि कागदावर ‘फेल’ पडतं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरांचा फोन येतो, “मॅडम, कंपनीच्या सर्टिफिकेटवर अठरा टक्के आहे. तुमच्याकडे बारा कसे आले?” त्याच लॉटची सळई दुसऱ्या लॅबमध्ये पास झालेली असते.

हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. चुकीच्या ‘फेल’मुळे चांगला माल परत जातो आणि काम अडतं. पण जबड्याच्या नावावर खराब माल पास झाला, तर तो कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतो आणि परत काढता येत नाही. म्हणून सळई जबड्यात तुटली की दोष सळईचा की पकडीचा, हे ठरवायची पद्धत हाताशी असायला हवी. आमच्याकडे ती हळूहळू बसत गेली, ती इथे लिहिते.

पहिली गोष्ट, तुटलेले दोन्ही तुकडे भंगारात टाकू नका. बहुतेक ठिकाणी टेस्ट संपली की आकडा लिहितात आणि तुकडे कोपऱ्यातल्या पिंपात जातात. आमच्याकडे सळई लावण्यापूर्वीच तिच्या वरच्या टोकाला पिवळा रंग लावतो. तुटल्यावर दोन्ही तुकडे बाइंडिंग वायरने एकत्र बांधून नंबरची पट्टी अडकवतो आणि महिनाभर जपून ठेवतो. रंग नसेल तर सळई वरच्या जबड्यात तुटली की खालच्या, हे दोन दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही, आणि निदानाचा अर्धा पुरावा तिथेच हरवतो.

आकडा बघायच्या आधी तुकडा बघा. चांगली तूट ओळखायला सोपी असते. सळई एका जागी बारीक होते, एका तुकड्याच्या तोंडाला वाटीसारखा खोलगट भाग असतो आणि दुसऱ्यावर त्याला जुळणारा सुळका. टीएमटीवर बरगड्या असल्यामुळे आकार पुस्तकातल्या चित्राइतका सुबक येत नाही, पण मान स्पष्ट दिसते. जबड्यातली तूट वेगळी असते. तोंड सपाट किंवा तिरकं असतं, मान अर्धवट असते, आणि तुटीची सुरुवात जबड्याच्या दातांनी पाडलेल्या एखाद्या खाचेतून झालेली दिसते. सळई हातात फिरवून बघा. दातांचे ठसे चारी बाजूंनी सारखे खोल आहेत का? एका बाजूला खोल आणि समोरच्या बाजूला नुसते ओरखडे असतील, तर गुन्हेगार जवळपास सापडलाच. जबड्याच्या कडेपासून सळईच्या व्यासाइतक्या अंतरात तूट आली, तर आम्ही ती पकडीतली तूट म्हणून नोंदवतो.

तुटल्याची जागा टिपायची ही सवय फार जुनी आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीने लोखंडी तारेची ताकद मोजायची रीत आपल्या टिपणांत लिहून ठेवली. तारेला टोपली टांगायची, वरच्या पेटीतून बारीक भोकातून त्या टोपलीत वाळू पडत राहील, आणि तार तुटताच भोक बंद होईल. नोंद मात्र दोन गोष्टींची करायची, वाळूचं वजन आणि तार कुठे तुटली ती जागा. प्रयोग पुन्हा पुन्हा करून बघायलाही त्याने सांगितलं आहे. आजच्या छापील रिपोर्टच्या कितीतरी नमुन्यांत त्या दुसऱ्या नोंदीसाठी रकानाच नसतो. आम्ही आमच्या नमुन्यात तो हाताने आखून घेतला.

आता इलाँगेशनच का पडतं, ते नीट समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच होतो. बारा मिमीच्या सळईला गेज लेंग्थ, म्हणजे जिच्यावर वाढ मोजायची ती दोन खुणांमधली लांबी, ६० मिमी, म्हणजे व्यासाच्या पाचपट. मानकात ती क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या ५.६५ पट अशी लिहिलेली असते, पण गोल सळईला दोन्हींचा अर्थ एकच. सळई ताणताना आधी सगळी लांबी सारखी वाढते. कमाल लोड आला की एके ठिकाणी मान पडायला लागते, आणि पुढची सगळी वाढ त्या मानेच्या आसपासच होते. मान दोन खुणांच्या मध्ये आली तर तुटलेले तुकडे जुळवून मोजल्यावर ६० चे ७१ मिमी होतात, म्हणजे १८.३ टक्के. तीच सळई जबड्याशी तुटली तर मान खुणांच्या बाहेर राहते. मध्ये फक्त सारखी झालेली वाढ उरते, ६० चे ६७ होतात, आणि ११.७ टक्के येतात. सळयांच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १७८६ प्रमाणे, ५०० डी ग्रेडला किमान १६ टक्के लागतात, साध्या ५०० ला १२. सळई एकच, तुटायची जागा बदलली आणि ती दोन्ही ग्रेडमधून बाद झाली.

मानकात यासाठी सोय आहे. तुटीची जागा जवळच्या खुणेपासून गेज लेंग्थच्या एक तृतीयांशापेक्षा जवळ असेल, तर ते इलाँगेशन सरळ धरता येत नाही. पण तरीही आकडा किमान मर्यादेइतका किंवा त्याहून जास्त आला, तर तो ग्राह्य असतो, कारण खरा आकडा त्याहून वरच असणार. म्हणून फक्त दोन खुणा करून थांबू नका. जबड्यांमधल्या सगळ्या मोकळ्या लांबीवर दर ६ मिमीला खूण करा. मग सळई जबड्यापासून थोडी अलीकडे, पण मधल्या साठ मिमीच्या बाहेर तुटली, तरी मान मध्ये येईल अशा दहा घरांवर मोजता येतं. खुणा सेंटर पंचने खोल ठोकू नका. आमच्याकडे एकदा तीन सळया पंचच्या खुणेतच तुटल्या होत्या. बारीक टोकाचं मार्कर पेन किंवा हलका ओरखडा पुरतो.

आता प्रत्यक्ष शोध. मोजणी आधी करा, दुरुस्ती नंतर. शेवटच्या दहा-बारा टेस्टचे बांधून ठेवलेले तुकडे टेबलावर मांडा आणि किती वरच्या जबड्यात तुटले, किती खालच्या, किती मध्ये, ते मोजा. तूट दोन्ही जबड्यांत सारखी वाटली गेली असेल तर सळईची तयारी, दातांची एकूण झीज किंवा पकडण्याची लांबी याकडे बघा. एकाच जबड्यात गर्दी असेल तर तो जबडा उघडा. आत सळईला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन दातेरी पाचरी असतात.

मागच्या ऑगस्टमध्ये मोशीच्या एका साइटच्या अकरा सळयांपैकी सात वरच्या जबड्यात तुटल्या. आमचे मशीनवरचे मामा पंचवीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी आकडा बघितलाच नाही. म्हणाले, “ताई, लोड चढताना आवाज ऐका. आधी वरून एक कट्ट येतो, मग थोड्या वेळाने दुसरा. दोन्ही पाचरी एकदम बसत नाहीयेत.” आम्ही वरच्या आणि खालच्या जबड्यांतल्या पाचरींची अदलाबदल केली आणि त्याच लॉटच्या चार सळया लावल्या. तीन खालच्या जबड्यात तुटल्या. दोष पाचरींबरोबर खाली उतरला होता. सळई, ऑपरेटर, मशीनचा वेग, काहीच बदललं नव्हतं. दुखणं पाचरीचंच आहे याचा याहून स्वच्छ पुरावा मिळत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की काहीही घासायच्या, ग्रीस लावायच्या किंवा बदलायच्या आधी ही अदलाबदल करा. आधी साफसफाई केली तर दुखणं गेलं तरी ते कशाने गेलं, हे कधीच कळणार नाही.

पाचरी बाहेर काढून व्हर्नियरने मोजल्या. एका पाचरीचे दात गेल्या वर्षी खराब झाले होते म्हणून तिच्या जागी नवी आणली होती आणि जोडीदार जुनीच ठेवली होती. दोन्हींच्या जाडीत बरोबर १ मिमीचा फरक. म्हणजे सळईचा अक्ष ओढीच्या रेषेपासून अर्धा मिमी सरकलेला. अर्धा मिमी काहीच नाही असं वाटतं, पण हिशेब करून बघा. गोल सळईला अक्ष जितका सरकला त्याची आठपट करायची आणि व्यासाने भागायचं. अर्ध्याची आठपट चार, भागिले बारा, म्हणजे ०.३३. यील्डच्या आधी सळईच्या एका बाजूच्या कातडीवर सरासरीपेक्षा ३३ टक्के जादा ताण आणि समोरच्या बाजूवर तितकाच कमी. दातांच्या खाचा नेमक्या त्याच कातडीत, आणि टीएमटीची बाहेरची कडक कडही तिथेच. पाचरी नेहमी जोडीनेच बदला. एक वाचवायला जाल तर त्याची किंमत रिपोर्टमध्ये मोजावी लागते.

इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. सळईसारख्या लवचीक पोलादात यील्डनंतर हा वाकाचा ताण बराचसा वाटला जातो, म्हणून कमाल लोडवर परिणाम कमी होतो. घोळ होतो तो यील्डच्या आकड्यात आणि तुटीच्या जागेत. बिडाच्या ओतकामाला मात्र ही सवलत नाही. ते जवळपास न ताणताच तुटतं, त्यामुळे जिथे ताण सर्वांत जास्त तिथून थेट तडकतं. आमच्याकडे कोल्हापूरच्या फाउंड्रीतली कास्टिंगं येतात, आयएस २१० च्या एफजी २६० ग्रेडची. २० मिमी व्यासाच्या तुकड्याला अर्धा मिमी अक्ष सरकला तर २० टक्के जादा ताण, आणि हिशेबाने २६० चा माल २१७ एमपीएलाच (एमपीए म्हणजे चौरस मिमीमागे एक न्यूटन ताण) तुटायला हवा. म्हणजे फाउंड्रीची काही चूक नसताना ग्रेड खाली घसरते. बिडाचा तुकडा पाचरीच्या जबड्यात कधीच पकडू नका. टोकांना आटे पाडून घ्या आणि गोलाकार बैठकीच्या होल्डरमध्ये लावा, म्हणजे तो आपोआप ओढीच्या रेषेत येतो. आणि बीड तुटताना तुकडे उडतात, चष्म्याशिवाय जवळ उभं राहू नका.

पाचरींची जाडी ठीक निघाली तर पुढे काय बघायचं? पाचरीची पाठ. जबड्याच्या उतारावरून पाचर सहज घसरली पाहिजे, तरच ओढ वाढेल तशी पकड घट्ट होते आणि दोन्ही बाजूंनी सारखी होते. पावसाळ्यात सळया ओल्या, गंजलेल्या येतात. गंजाची भुकटी आणि सळईची खपली दातांत भरते, पाठीमागे जाते, आणि हवेतल्या ओलाव्याने तिचा दगड होतो. मग एक पाचर अडकते, दुसरी पुढे सरकते, आणि सळई तिरकी धरली जाते. पावसाळ्यातच तक्रारी वाढतात त्याचं हे साधं कारण, पण ते समजायला मला तीन वर्षं लागली. एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. जून ते सप्टेंबर आम्ही बुधवारी संध्याकाळी चारही पाचरी बाहेर काढतो, तारेच्या ब्रशने दातांच्या रेघेच्या दिशेने घासतो, रॉकेलने पुसतो, आणि पाठीला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस पातळ लावून ठेवतो. ग्रीस फक्त पाठीला. दातांना लागलं तर सळई घसरते, मग ऑपरेटर जबडा आणखी आवळतो, दात आणखी खोल रुततात, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो.

दात सारखे बसतात की नाही हे बघायला महागडं काही लागत नाही. सळईभोवती कोरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर गुंडाळा, जबडा हलका आवळा आणि सोडा. कागदावर दातांचा ठसा उमटतो. ठसा वरून खालपर्यंत आणि चारी बाजूंना सारखा हवा. फक्त तोंडाशी उमटला आणि आत कोरा राहिला, तर पाचर तोंडाशीच चावते आहे आणि सगळी पकड त्या एका रेघेवर आहे. सळई तिथेच तुटणार, यात नवल नाही.

सळईच्या तयारीत लोक फार घाई करतात. जबड्याच्या लांबीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी सळई आत कधीच ठेवू नका. तुकडा आखूड पडला म्हणून अर्ध्या जबड्यात धरली की पाचर तिरकी होते. आम्ही साइटकडून ६०० मिमीचाच तुकडा मागतो, आणि तो हॅकसॉने किंवा पाण्याच्या कटरने कापलेला हवा असं सांगतो. गॅसने कापलेली किंवा कटिंग व्हीलने निळी पडलेली टोकं आली तर निळा भाग पूर्ण काढून टाकतो, कारण टीएमटीची ताकद ज्या कडक बाहेरच्या थरात असते, तो थर तापला की मऊ पडतो. शिअर मशीनने कापलेल्या सळईचं टोक हमखास वाकडं असतं. ते जबड्यात गेलं की सळई तोंडाशी वाकते. आठ मिमीच्या सळया गुंडाळीतून येतात, त्या लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोड्याने सरळ करा. लोखंडी हातोड्याचे घाव सळईवर खाचा पाडतात. आणि उभ्या बरगड्या. टीएमटीला दोन उभ्या बरगड्या असतात. सळई फिरवून त्या दोन पाचरींच्या मधल्या फटीत येतील अशी लावा. एक बरगडी दातांवर बसली तर अक्ष तेवढाच एका बाजूला ढकलला जातो, मग पाचरी कितीही नव्या असोत.

लेथवर बनवलेल्या गोल तुकड्यांची गोष्ट वेगळी आहे. ते जबड्यात नाही, तर खांद्याशी तुटतात, जिथे जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो. कारण बहुतेक वेळा टर्नरने दिलेली कमी गोलाई असते. धातूंच्या टेन्साइल टेस्टच्या मानकानुसार, म्हणजे आयएस १६०८ नुसार, गोल तुकड्याला ही गोलाई व्यासाच्या किमान पाऊणपट हवी, म्हणजे १० मिमीच्या तुकड्याला ७.५ मिमी. आम्ही १० मागतो. शिवाय बारीक भागावर टूलची आडवी रेघ राहिली तर तूट तिथेच बसते, म्हणून शेवटचा हात एमरी पेपरने लांबीच्या दिशेने फिरवा. अमेरिकन मानक एएसटीएम ई-८ बारीक भागाची टोकं मध्यापेक्षा एक टक्क्यापर्यंत जाड ठेवू देतं. आम्ही दहा मिमीच्या तुकड्याला मध्यात ०.०५ मिमी कमी ठेवतो. मान मध्यात पडते, आणि क्षेत्रफळही मध्यातलाच व्यास मोजून काढतो.

प्रीस्ट्रेसिंगची, म्हणजे काँक्रीटला आधीच दाब देण्यासाठी ताणून बसवायची, सात तारांची स्ट्रँड साध्या जबड्यात लावायचा मोह टाळा. उड्डाणपुलांच्या कामांमुळे हल्ली तीही येते. १२.७ मिमीच्या दुसऱ्या क्लासच्या स्ट्रँडचा किमान तुटीचा लोड १८३.७ किलोन्यूटन आहे. दात एका तारेत रुतले की ती तार आधी तुटते आणि बाकीच्या सहांना जादा भार घ्यावा लागतो. दातांच्या आणि तारांच्या मध्ये ॲल्युमिनियमची अर्धगोल पट्टी घाला, किंवा स्ट्रँडसाठीच बनवलेल्या ग्रिप वापरा. मशीनभोवती जाळी लावल्याशिवाय ही टेस्ट करू नका. तुटलेली तार चाबकासारखी फिरते.

आता उलटी तक्रार. तूट मधोमध, मान सुबक, पण ताकदच कमी आली. अशा वेळी जबड्याकडे जाऊ नका, क्षेत्रफळाकडे जा. गेल्या महिन्यात चाकणच्या एका वर्कशॉपमधून एक मुलगा स्वतःचे आकडे घेऊन आला. बारा मिमीची ५०० ची सळई, तुटीचा लोड ६६ किलोन्यूटन, ताकद ५२९ एमपीए, आणि किमान हवी ५४५. त्याने व्हर्नियर बरगड्यांवरून लावला होता, १२.६ मिमी आले, त्याचं क्षेत्रफळ १२४.७ चौरस मिमी. नाममात्र व्यास बारा धरला तर क्षेत्रफळ ११३.१ आणि ताकद ५८४. पण आयएस १७८६ मध्ये टीएमटीचं क्षेत्रफळ वजनावरून काढतात: किलोतलं वजन भागिले ०.००७८५ आणि मीटरमधली लांबी यांचा गुणाकार. त्याच्याकडचा अर्धा मीटरचा तुकडा आम्ही वजनकाट्यावर ठेवला, ०.४२७ किलो भरला. क्षेत्रफळ १०८.८ चौरस मिमी, ताकद ६०७. सळई एक, लोड एक, आणि उत्तरं तीन. एका उत्तराने ती बाद होत होती.

तो म्हणाला, “म्हणजे ताई, सळई हलकी म्हणून ताकद जास्त?” प्रश्न बरोबर होता. हलकी सळई प्रति चौरस मिमी जास्त ताकदवान दिसू शकते. म्हणूनच वजनाची वेगळी मर्यादा असते. बारा मिमीला मीटरमागे ०.८८८ किलो नाममात्र, आणि बॅचला पाच टक्के कमी-जास्त चालतं. त्याची सळई मीटरमागे ०.८५४ भरत होती, म्हणजे ३.८ टक्के कमी. मर्यादेत होती. पण हा आकडा रिपोर्टमध्ये ताकदीच्या शेजारी लिहिलाच पाहिजे. एमपीएचा आकडा एकटा फिरायला लागला की साइटवर त्याचा अर्थ भलताच घेतला जातो.

वेग आणि रेंज याबद्दल थोडक्यात. पोलादाला यील्डपर्यंत ताण वाढवायचा वेग सेकंदाला ६ ते ६० एमपीए या दरम्यान ठेवायचा असतो. बारा मिमीच्या सळईला सेकंदाला साधारण १.१ किलोन्यूटन दिला तर दहा एमपीए होतात, आणि यील्ड यायला पन्नास सेकंद लागतात. संध्याकाळी घाईत व्हॉल्व्ह मोकळा सोडला की यील्डचा आकडा फुगतो, आणि दुसऱ्या लॅबशी जुळत नाही. आठ मिमीची सळई तीस किलोन्यूटनच्या आसपास तुटते. ती १००० किलोन्यूटनच्या मशीनवर लावली तर आपण क्षमतेच्या तीन टक्क्यांवर मोजतो आहोत. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट उघडा आणि तपासणी कुठल्या लोडपासून सुरू केली आहे ते बघा. बऱ्याच सर्टिफिकेटांवर पहिला आकडा क्षमतेच्या २० टक्क्यांचा असतो. त्याखालच्या आकड्याला कुणाची हमी नसते.

तापमानाचं भान धातूच्या लॅबमध्ये फार कमी लोकांना असतं. आयएस १६०८ खोलीचं तापमान १० ते ३५ अंशांत असावं असं सांगतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पुण्याचा पारा त्यापुढे जातो. पोलादाला थोडा फरक पडेल, पण प्लास्टिकला खूप पडतो. पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा ३९ अंशांना ताणला तर २३ अंशांना येणारी ताकद कशी येईल? नायलॉन तर हवेतलं पाणी पितो. कोरड्या आणि ओलावा घेतलेल्या नायलॉनच्या ताकदीत जवळपास दुपटीचा फरक पडू शकतो. म्हणून प्लास्टिकचे डम्बेलच्या आकाराचे तुकडे २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवून मगच लावायचे असतात, आणि ते जबड्यात तुटत असतील तर दात बदलून रबरी किंवा गुळगुळीत तोंडाचा जबडा लावायचा असतो. आमच्याकडे तशी खोली नाही, म्हणून आम्ही प्लास्टिकचं काम घेत नाही, ज्या लॅबमध्ये आहे तिकडे पाठवतो.

राहिला प्रश्न रिपोर्टचा. सळई नियमात बसली नाही तर आयएस १७८६ त्याच लॉटमधून आणखी दोन नमुने घ्यायला सांगतं, आणि दोन्ही पास व्हावे लागतात. पण पकडीत तुटून इलाँगेशन कमी आलं असेल, तर ती नापास टेस्ट नव्हे, झालीच नाही असं समजायची टेस्ट. तिच्या जागी नवा तुकडा लावायचा. हा फरक साइटला लेखी सांगा. पण या सोयीचा आडोसा होऊ देऊ नका. आमच्या वहीत प्रत्येक रद्द टेस्टची ओळ राहते: सळईचा नंबर, लोड, इलाँगेशन, वर की खाली, जबड्यापासून किती मिमीवर. पाचरी बदलल्या, साफ केल्या, कागदाचा ठसा सारखा आला, तरीही एखाद्याच लॉटच्या सळया वारंवार जबड्याशी तुटत असतील, तर मग संशय सळईवर घ्यायचा. अशा वेळी तुटीच्या तोंडाशी भिंग लावून बघा. आडव्या बरगडीच्या मुळाशी जुनी, काळपट पडलेली भेग किंवा रोलिंगच्या वेळी दुमडलेला थर दिसला, तर ती भेग आपल्या जबड्याने पाडलेली नाही. नवी तूट चकचकीत असते.

मोशीच्या त्या साइटचं पुढे असं झालं. नव्या जोडीच्या पाचरी बसवल्या, त्याच लॉटच्या बारा सळया सुपरवायझरांसमोर लावल्या. अकरा सळया मधोमध तुटल्या, इलाँगेशन सतरा ते एकोणीसच्या दरम्यान. माल पास झाला. आधीच्या सात टेस्ट आम्ही लेखी रद्द केल्या आणि कारणही लिहिलं, पाचरींच्या मापांसकट. बारावी सळई खालच्या जबड्याच्या तोंडापासून ९ मिमीवर तुटली. तिचं इलाँगेशन १६.५ आलं, म्हणजे नियमाने ती पासच. पण तिचे दोन तुकडे वायरने बांधून माझ्या टेबलावर ठेवले आहेत. दातांचे ठसे डाव्या बाजूला किंचित खोल आहेत. या बुधवारी खालचा जबडा पूर्ण उतरवणार आहोत.